मी बदललेलं माप

कन्नड गावच्या एका मुलीला लेथ मशीनवरून उठवलं गेलं, ते माझ्यामुळं. तिचा हात चांगला होता, माझी नियत खराब होती. खरं तर एवढंच सांगायचंय. पण सुरुवात आमच्या रोबोटपासून करावी लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल, हा बाबा उगाच छाती बडवून घेतोय.

मी औरंगाबादला इंजिनिअरिंग करत होतो. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. दुसऱ्या वर्षाला कॉलेजच्या रोबोटिक्स टीममधे घुसलो आणि पहिल्याच आठवड्यात तिथला नियम ऐकून माझा आ वासला. स्पर्धा संपली की आपल्या रोबोटचं एकूण एक ड्रॉइंग, सगळा प्रोग्राम, कुठल्या भोकात कुठला बोल्ट, सगळं इंटरनेटवर टाकून द्यायचं. या, घ्या, बनवा. बरं, हा आमच्याच कॉलेजचा खुळेपणा म्हणावा तर तसंही नाही. देशभरातल्या टीमा हेच करत होत्या. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असायची, तिच्यात कुणाकडून घेतलं आणि काय बदललं तेवढं लिहायचं. झालं. ना परवानगी, ना विचारणं.

"म्हणजे घासायचं आपण आणि आयतं उचलायचं दुसऱ्यानं?" मी विचारलं.

आमची कॅप्टन माझ्या एक वर्ष पुढं होती. सगळे तिला ताई म्हणायचे. ती म्हणाली, "आपल्या रोबोटची चाकं कुणाची आहेत माहितीय का तुला? तिकडं मद्रासच्या बाजूच्या एका टीमची. त्यांचं तोंडसुद्धा आपण बघितलेलं नाही. त्यांनी टाकली नसती ना, तर आपण अजून ढकलगाडी ढकलत बसलो असतो."

मला ते पटलं नाही. आणि मला काही पटलं नाही की ते आत कुठंतरी सडत बसतं, हा माझा जुना रोग आहे.

मी ज्या जगातून रोज कॉलेजला यायचो तिथं कुणी कुणाला काही देत नव्हतं. ती दुष्काळाची वर्षं. वडिलांची नोकरी शहरात, शेती पिशोरला, आणि आम्ही राहायला बायपासच्या पलीकडं, जिथं दर सहा महिन्याला एक नवी इमारत उभी राहायची आणि नळ मात्र कुणाच्याच घरात नव्हता. टँकर यायचा आठवड्याला. प्रत्येक ड्रमाला झाकण, प्रत्येक झाकणाला कडी, प्रत्येक कडीला कुलूप. आमच्या आईच्या कमरेला तिजोरीची म्हणून जी किल्ली होती ती ड्रमाची होती. शेजारच्या काकूंनी बादलीभर पाणी मागितलं तर आई त्यांच्याशी पावसाच्या गप्पा मारत उभी राहायची, पण किल्लीला हात लावायची नाही. वाईट नव्हती हो आमची आई. पण त्या दिवसांत चांगलं असणं कुणाला परवडत होतं? आणि तिथून निघून मी कॉलेजात जायचो तर ही येडी मंडळी चार-चार महिन्यांची मेहनत रस्त्यावर ठेवल्यासारखी ठेवून द्यायची!

तिसऱ्या वर्षी स्पर्धेचा विषय होता रिंगा फेकायचा. खांबावर बरोबर जाऊन पडली पाहिजे रिंग. फेकणारा हात मागं ओढून सोडायचा, त्यासाठी आम्ही कॅम केला. तो माझा होता. कॅम म्हणजे ॲल्युमिनियमची एक जाड चकती, तिला एका जागी खाच, आणि तिचं भोक मधोमध नाही, जरा सरकवलेलं. चकती फिरते तसा हात मागं मागं रेटला जातो आणि खाच आली की फटकन सुटतो. भोक मध्यापासून किती सरकवायचं, सगळी गंमत तिथं आहे. कमी सरकवलं तर रिंग खांबापर्यंत पोचत नाही. जास्त सरकवलं तर हात अडकतो. वाळूजच्या एका वर्कशॉपात उभं राहून मी चकत्यांवर चकत्या काढल्या. सतरावी बसली. साडेसहा मिलीमीटर. त्या दिवशी मी आईसाठी रबडी घेऊन गेलो होतो.

स्पर्धेत आमचा नंबर तिसरा आला, पण रिंग फेकण्यात आमच्या जवळपाससुद्धा कुणी नव्हतं. आणि मग सुरू झालं. एकेक टीम आमच्या टेबलापाशी यायची, मोबाईल काढायची, माझ्या कॅमचे फोटो काढायची आणि विचारायची, "भाऊ, ड्रॉइंग कधी टाकताय?" लग्नाची पत्रिका कधी छापताय, असं विचारावं तसं. ताई हसून म्हणायची, "पुढच्या आठवड्यात." माझ्या अंगाचा नुसता भडका उडत होता. कॅम माझा, आणि पुढचा आठवडा ठरवणारी ही कोण?

ड्रॉइंग टाकायचं काम माझ्याकडंच आलं. रविवारची दुपार होती. आई गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट बघत उभी होती आणि मी खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. साडेसहा, म्हणजे सहा पॉइंट पाच. मी ते खोडलं आणि पाच पॉइंट सहा केलं. उद्या कुणी धरलंच तर म्हणता येईल, आकडे उलटे पडले, माणूस आहे. इतकी अक्कल मी वापरली, आणि तीही स्वतःच्याच टीमच्या पाठीमागं. "आला रे, पाईप धर!" आईनं बाहेरून हाक मारली. मी बटण दाबलं आणि पळत सुटलो. नंतर पाणी भरताना मला वाईट वाटलं का? छे! मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती. मी ड्रॉइंग दिलंही होतं आणि दिलंही नव्हतं.

तीन महिने काही झालं नाही. मग एक दिवस टीमच्या फोनवर कन्नडहून फोन आला. तिथल्या पॉलिटेक्निकच्या पोरांनी पहिल्यांदाच टीम काढली होती. बोलणारा त्यांचा कॅप्टन होता, आवाजातच नमस्कार घातल्यासारखा बोलत होता.

"दादा, तुमच्या ड्रॉइंगवरनं कॅम केलाय आमी. पर रिंग काय पोचंना. हातभर अलीकडंच पडती. स्प्रिंग बदलली तर आख्खा हातच अडकतोय. काय चुकत असंल आमचं?"

काय चुकत असेल आमचं! मला वाटलं होतं, पुण्या-मुंबईच्या, डझनभर मशीनं असलेल्या टीमा तो कॅम बनवतील आणि आपटतील. कन्नड माझ्या हिशेबातच नव्हतं. कन्नड म्हणजे आमच्या पिशोरचा तालुका. तिथं कोण रोबोट बनवणार? हा माझा विचार.

तेव्हा सांगून टाकायचं होतं. दोन वाक्यं होती. मी म्हणालो, "तुमची सेटिंग नीट नसेल. पुन्हा एकदा करून बघा."

"व्हय दादा, आमचंच असंल कायतरी," तो म्हणाला आणि वर तीनदा आभार मानले.

पंधरा दिवसांनी ते दोघं कॉलेजात हजर. तो कॅप्टन आणि त्याच्यासोबत एक मुलगी, अंगानं बारीक, हाताला जुन्या तेलाचा काळा वास. एसटीनं आले होते. फडक्यात गुंडाळलेले दोन कॅम त्यानं माझ्यासमोर टेबलावर ठेवले. मी बघितलं आणि मनात म्हणालो, अरे बाप रे. काय काम होतं! कडा अशा की बोट फिरवावं. चकतीचं भोक मधून सरकवून कापायचं म्हणजे लेथवर चारी बाजूंनी पकडीचे जबडे हलवत, ठोकत, मोजत बसावं लागतं. मला वाळूजच्या मिस्त्रींनी शिकवलं तरी सतरा लागल्या होत्या.

"कुणी केले?" मी विचारलं.

"हिनं," कॅप्टन म्हणाला. "आमच्यात लेथवर हीच बसायची. आता सरांनी उठीवलं हिला. दोन कॅम वाया गेले ना. आता ही पोस्टर रंगवती आन् लेथवर मी बसतो. मला काय लई येत नाय, पर करतो."

मुलीनं एक कॅम उचलून माझ्या हातात दिला. "मोजा ना दादा. आमच्याकडचा डायल जुनाय. सर म्हनत्यात, तुझं मोजनंच चुकतंय."

आमच्याकडं माप घ्यायचा नवाकोरा डायल होता. मी कॅम लावला. पाच पॉइंट सहा. दुसरा लावला. पाच पॉइंट सहा. केसाचासुद्धा फरक नाही. माझ्या खोट्या आकड्यावर ती पोरगी दोनदा अचूक पोचली होती, त्या खिळखिळ्या मशीनवर, जुन्या डायलवर. मी मोठमोठ्या टीमांचा काटा काढायला निघालो होतो आणि बोट चेपलं होतं तिचं.

"किती?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे."

"मग?"

मी तिच्याकडं बघितलं नाही. म्हणालो, "मग… बघतो मी. काहीतरी बघतो." दुसऱ्यांदा संधी आली होती आणि दुसऱ्यांदा मी शेपूट घातलं. तो कॅप्टन जाताना म्हणाला, "तुमी येवढा टाईम दिला दादा, लई झालं." तो असा म्हणाला म्हणून मला रात्रभर झोप नाही, वगैरे लिहायला छान वाटेल, पण तसं नव्हतं. मी तिथंच, भर दुपारी, वर्कशॉपच्या पायरीवर मटकन बसलो आणि ताई येईपर्यंत उठलोच नाही.

ताईला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल, टीममधून हाकलेल. तिनं एकच प्रश्न विचारला, "तू मुद्दाम केलंस?" मी मान हलवली. तिचा चेहरा असा झाला, जसं घरातल्या माणसानं चोरी केल्याचं कळावं. तिनं त्याच बैठकीला इंटरनेटवरचं माप दुरुस्त केलं, खाली लिहिलं की आधीचं माप आमच्याकडून चुकीचं गेलं होतं, आणि लॅपटॉप मिटला. "उद्या कन्नडला जा," ती म्हणाली. "सरांसमोर सांग. ती मुलगी तिथं असली पाहिजे. आणि मी येणार नाही, एकटा जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलो. दोन्ही बाजूंनी शेतं नुसती उघडी पडलेली. वाटेत मी वाक्यं पाठ करत होतो. सर, ड्रॉइंगमधलं माप मी मुद्दाम बदललं. सर, तिची काही चूक नाही. हे एवढंच म्हणायचं, बास, सबबी सांगायच्या नाहीत.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड. पाण्याची बोंब, म्हणून मशीनला थंड ठेवायला रॉकेलचा बोळा फिरवत होते. मुलगी कोपऱ्यात फरशीवर बसून पोस्टरवर रोबोटचं चित्र रंगवत होती. सर पन्नाशीचे, उत्साही, मी कुठून आलो ते कळताच त्यांनी माझा हातच धरला. "अरे या या! यांच्याच ड्रॉइंगवर आपलं काम चाललंय, बघा रे पोरांनो!"

मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. एका दमात, पोरांसमोर. बोलून झालं. आता काय व्हायचं ते होऊ दे.

सर हसले. अहो, खरंच हसले! माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तू हिला वाचवायला आलायस. कळत नाही का मला?"

"नाही सर, मी खरंच…"

"तू मुद्दाम खोटं माप टाकलंस? कशाला टाकशील? ज्याला द्यायचं नसतं तो देतच नाही. तुला कुणी जबरदस्ती केली होती का? आपणहून दिलंस ना? मग?" आणि पोरांकडं वळून, "शिका. याला म्हणतात मोठं मन. पोरीचं नाव खराब होऊ नये म्हणून साठ किलोमीटर येऊन स्वतःवर घेतोय."

शपथेवर सांगतो, आयुष्यात मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतका धक्का बसला नसता. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला होता. पहिल्यांदा खरं बोललो तर म्हणे मोठं मन! हा सगळा प्रकार ज्या भरवशावर चालायचा, तो भरवसा इतका घट्ट होता की माझी कबुली त्यात शिरेचना.

"सर, तिला मशीनवर बसवा," मी जवळजवळ ओरडलो. "साडेसहा घेऊन कॅम करू दे. आत्ता. माझ्यासमोर."

सर म्हणाले, "बस गं, पाहुणे म्हणतायत तर." ती उठली, रंगाचे हात ओढणीला पुसले, चकती जबड्यात धरली. दोन तास लागले. ती ठोकायची, फिरवायची, डायलकडं बघायची, पुन्हा ठोकायची. कॅम निघाला. रोबोटवर चढवला. पहिली रिंग खांबावर. दुसरी खांबावर. तिसरी, चौथी, पोरं ओरडायला लागली. मी सरांकडं बघितलं. आता तरी? आता तरी कळलं असेल ना?

"वा!" सर म्हणाले. "हिचा हात दर वेळी मिलीमीटरभर कमी पडतो, हे तू ओळखलंस. म्हणून वाढवून सांगितलंस, आणि मग बरोबर पाच पॉइंट सहा आलं. हुशार आहेस हं. बघ गं पोरी, तिसऱ्या वेळी जमलं की नाही? बस आता लेथवर." आणि ते चहा सांगायला गेले.

ती मशीन पुसत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "तुझं माप पहिल्यापासून बरोबर होतं. दोन्ही वेळा."

"म्हायतीय मला," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. "पर कागद तुमचा होता."

"मी पुन्हा सांगतो सरांना. लिहून देतो. आमची कॅप्टन सांगेल त्यांना."

"ऱ्हाऊ द्या. मला बसवलं ना मशीनवर." तिनं बोळा खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "दादा, तुमच्यावानीच आमीबी पुढं दिलंय ते ड्रॉइंग. नेटवरनं नाय, झेरॉक्स काढून. चार टीमा हायेत. अजिंठ्याकडची एक, बाकीच्या तिकडं जालना, बीडकडच्या. नव्या टीमा हायेत, इचारायलाबी लाजत्यात. त्यांना सांगा. तितंबी कुनालातरी उठीवलं असंल."

तिनं पोस्टरच्या मागच्या बाजूला चार नंबर लिहिले आणि तेवढा कागद फाडून दिला.

चहा न घेता मी बाहेर पडलो. एसटी स्टँडवर बाजाराची गर्दी होती. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभा राहून मी पहिला नंबर लावला. एका मुलानं उचलला. आमच्या कॉलेजचं नाव ऐकताच तो मागं कुणालातरी ओरडून सांगायला लागला, "अरे त्यांचा फोन आलाय, कॅमवाल्यांचा!" मी त्याला थांबवलं, खरं माप सांगितलं, कागदावरचं माप मी मुद्दाम बदललं होतं तेही सांगितलं. तो म्हणाला, "काय सांगता दादा, होतं असं." मग मी विचारलं, "तुमच्याकडं लेथवर कोण होतं?"

"होता एक जण," तो म्हणाला. "तीन कॅम बिघडले त्याच्याकडनं. आता येत नाही तो. कॉलेजलाच येत नाही."